मद्रासच्या देवळातला चेहरा

प्रिय दादा,

काल शेखरचा फोन आला होता. तुझ्या लेकाचं मराठी आता चांगलंच मोडलंय, पण "आत्या" हा शब्द तो अगदी तुझ्या आवाजात म्हणतो. तिकडची तुझी माणसं मिळून तुझ्यावर एक स्मरणिका काढतायत म्हणे. तू सिनेमांसाठी उभे केलेले राजवाडे, किल्ले, देवळं यांचे फोटो असणार. तुझ्या हाताखाली शिकून मोठे झालेले लोक लिहिणार. शेखर म्हणाला, बहीण म्हणून तुम्हीही दोन ओळी द्या. मी हो म्हटलं. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "आत्या, आजोबा अप्पांशी का बोलत नव्हते? अप्पांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही."

मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे रे, सांगते कधीतरी.

तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन बसलेय. दोन ओळी काही जमत नाहीत. शेखरला काय सांगावं हे आधी तुलाच विचारावं, म्हणून तुला लिहायला घेतलं. तू उत्तर देणार नाहीस हे कळतं मला. पण जिवंत होतास तेव्हा तरी माझ्या पत्रांना वेळेवर उत्तर कुठे द्यायचास?

तू गेलास तेव्हा मला येता आलं नाही. गुडघ्यांमुळे घरातल्या घरातही चालवत नाही, मद्रास कुठलं गाठणार? शेखरनं मोबाइलवर सगळं दाखवलं. माणसांपेक्षा उंच हार. भिंतीभिंतींवर तुझा फोटो असलेले मोठे कागद चिकटवलेले. कोण कोण पांढरं नेसून, हात जोडून उभे होते. माझी सून मनीषा म्हणाली, आई, हे नट तर हिंदी सिनेमात पण असतात. मी फक्त तुझे हात शोधत होते. ते कापडाखाली झाकलेले होते.

आणि इकडे? इकडे पेणेत कुणाला पत्ता नाही. मी आपल्या आळीतल्या एका म्हातारबुवांना फोन करून सांगितलं, मुकुंद गेला. ते म्हणाले, कोण मुकुंद? मग म्हणाले, हां, तो मद्रासला पळालेला व्हय?

पळालेला! साठ वर्षं तिकडे मान मिळवलास आणि आपल्या गावात तू अजून पळालेलाच आहेस.

तू गेलास तो दिवस मला आठवतो. स्वातंत्र्य येऊन फार वर्षं झाली नव्हती. मी परकर-पोलक्यात होते. तू अण्णांच्या मूर्ती घेऊन धरमतरहून लाँचनं मुंबईला गेला होतास. तिथे एका स्टुडिओत कुठल्याशा सिनेमातल्या हत्तीची सोंड तुटली होती आणि तू ती अशी जोडलीस की जोड दिसेना. तिथे मद्रासचा एक सेटवाला मास्तर आला होता. त्यानं तुला विचारलं, येतोस का? तू परत आलास तो फक्त वळकटी बांधायला.

बाप म्हणून अण्णा अडवतील असं मला वाटलं होतं. ते मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत बसले होते, तसेच बसून राहिले. आखताना ते श्वाससुद्धा सावकाश घेत, आठवतं ना? तू पाया पडलास तेव्हा ब्रश बाजूला न ठेवता म्हणाले, "आपला गणपती पाण्यात जातो, तो निरोप असतो. तिकडं नुसतीच मोडतोड हाय. ध्यानात ठेव."

तू ध्यानात ठेवलंस की नाही कोण जाणे. मला मात्र ते पुढे जन्मभर आठवत राहिलं.

पहिली वर्षं तुझी कशी गेली हे तू पत्रात कधी लिहिलं नाहीस. नंतर वहिनींकडून कळलं. प्लास्टरच्या गोण्यांवर झोपायचास. भाषा येत नव्हती, खुणा करून जेवण मागायचास. हळूहळू तू साच्यांचा मास्तर झालास, मग सेटचा आणि मग पडद्यावर स्वतःचं नाव येणारा कला दिग्दर्शक. ते नावसुद्धा कसलं! तिकडच्या रीतीप्रमाणे गावाचं नाव आधी लावून तू झालास 'पेण मुकुंदन'. आणि त्यांच्या भाषेत पेण म्हणजे बाई. सगळा स्टुडिओ हसला म्हणे. मोठे निर्माते म्हणाले, हे काढ, लोक थेटरात टिंगल करतील. तू काढलं नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "बाय, गाव सोडलं तेवढं पुरे झालं. नाव कशाला सोडू?"

तू मला तो शब्द तमिळमध्ये लिहून दाखवला होतास. तमिळमधला मला तेवढा एकच शब्द वाचता येतो.

आपली आळीही तू तिथे नेलीस, नाही का? एका सिनेमात राजकन्या पळून जाते त्या गावात उतरती कौलं, दारात तुळस आणि पडवीत ओळीनं सुकत ठेवलेल्या बिनडोळ्यांच्या मूर्ती होत्या. तिकडच्या लोकांना वाटलं, वा, काय कल्पना आहे! इथे पनवेलच्या थेटरात तो सिनेमा हिंदीत आला तेव्हा मी नवऱ्याबरोबर गेले होते. शेजारच्या बाईला मला सांगावंसं वाटलं, ते तिसरं दार आमचं आहे. सांगितलं नाही. तिनं विश्वास ठेवला नसता.

पण शेखरनं विचारलंय ते हे नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मद्रासच्या त्या देवळात आहे.

माझं लग्न रोह्याला ठरलं होतं. तू कळवलंस की मोठ्या देवळाचा सेट चाललाय, महिनाभर हलता येणार नाही. मला वाटलं अण्णा चिडतील. ते म्हणाले, त्याला येता येत नसंल तर आपण जाऊ, पोरीचा भाऊ हाय तो. खरं कारण वेगळं होतं. त्यांना तुझं काम बघायचं होतं. बोलून दाखवायचे नाहीत एवढंच. गाडीत सगळ्या वाटेनं ते खिडकीतून बघत होते आणि मध्येच मला विचारत होते, तो मातीत काम करतो का गं अजून, की नुसतं सांगतो?

स्टुडिओच्या त्या भल्यामोठ्या दारातून आत शिरलो आणि मला पुढे पाऊल टाकवेना. केवढं देऊळ! खांब, खांबांवर घोडे, घोड्यांवर स्वार. जवळ गेल्यावर कळायचं की लाकडाचा सांगाडा आहे, वर जाळी, गोणपाट आणि प्लास्टर. अण्णांनी दारातच वहाणा काढल्या. तिथले सुतार हसले. तू कावराबावरा झालास, अण्णांना म्हणालास, खरं देऊळ नाय ते. अण्णांनी ऐकलं नाही. तसेच अनवाणी चालत गाभाऱ्यापर्यंत गेले.

आणि मग किती तरी वेळ मागे वळलेच नाहीत.

मी जवळ गेले तेव्हा ते देवीच्या तोंडाकडे बघत होते. मोठी, बसलेली देवी. पण चेहरा देवीचा नव्हता, बाईचा होता. गालाची हाडं वर आलेली, ओठ जरासे दमलेले, आणि डोळे असे की आत्ता विचारील, जेवलीस का? अण्णांनी माझा हात धरला.

"कुसुम, बघ," ते म्हणाले. "तुझी आय."

दादा, आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. घरात तिचा फोटो नव्हता. कुणाच्या घरी असायचे तेव्हा फोटो? मी लहानपणी बायकांना विचारत हिंडायचे, माझी आई कशी होती? कुणी म्हणे गोरी, कुणी म्हणे सावळी, कुणी म्हणे चांगली होती बिचारी. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तू केलेली, प्लास्टरची, माझ्या दुप्पट उंच. मी तिथेच खाली बसले.

अण्णा जेवायलाही उठले नाहीत. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि हळू आवाजात बोलत राहिले. पोरीचं ठरलं, मुलगा कंपनीत हाय, शिफ्ट असते पण घर चांगलं हाय. असं काहीबाही. तू खांबाआड उभा होतास. मला वाटलं, तू रडतोयस म्हणून पुढे येत नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू आम्हाला समुद्रावर फिरवायला माणूस दिला होतास. अण्णांनी त्याला वाटेत बाजारात थांबवलं. हळद-कुंकू घेतलं, मोगऱ्याचा गजरा घेतला आणि म्हणाले, समुद्र आमच्याकडं पण हाय, आम्हाला परत स्टुडिओत ने.

आम्ही पोचलो तेव्हा देवळाला आग लावलेली होती.

कथेत तसंच होतं, शत्रू येतो आणि देऊळ जाळतो. कॅमेरे लावलेले होते, पाण्याचे बंब उभे होते, नट घोड्यावर होता. आम्हाला काय कळणार त्यातलं? अण्णा गजरा हातात घेऊन सरळ आत धावले. चौघांनी मिळून त्यांना धरलं. जाळीवरचं प्लास्टर तडकून खाली पडत होतं आणि तो चेहरा आधी काळा झाला, मग मधोमध फुटला. तू कॅमेऱ्याजवळ उभा होतास. तू हललासुद्धा नाहीस.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. तू स्टेशनवर आलास, काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होतास. अण्णांनी तोंड फिरवलं. पेणेत आल्यावर कुणीतरी विचारलं, काय म्हणतो मुकुंद? अण्णा म्हणाले, "त्यानं तिला दुसऱ्यांदा जाळली." त्यानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

माझ्या लग्नाला तू आला नाहीस, कारण तुला पत्रिकाच गेली नाही. नवऱ्याचा कान पिळायला तुझ्याऐवजी चुलतभाऊ उभा राहिला. सगळे हसले, मीही हसले. तू परस्पर पाठवलेली कांजीवरम मी नेसले होते. अण्णांनी ती बघितली आणि कुठून आली हे विचारलं नाही. तेवढंच.

पुढे तू उन्हाळ्यात कधीमधी यायचास, थेट रोह्याला, माझ्याकडे. पेणेला गेलास की अण्णा मागच्या पडवीत जाऊन बसायचे. तू ओटीवर, ते पडवीत, मध्ये मी चहाचे कप घेऊन. त्या घरात तुझ्याशी बोलणारी मी एकटीच होते, पण दादा, त्या देवळाबद्दल मीही तुला काही विचारलं नाही. काय विचारणार? तू तिला जाळलंस खरं, पण मला दाखवलंही तूच होतंस ना? मला धड रागावता येईना, धड माफ करता येईना. ती अण्णांची बायको होती, त्यांच्याकडे तिच्या आठवणी होत्या. माझ्याकडे तेवढा एक दिवस होता.

अण्णा गेले तेव्हा तू पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कारखान्याला कुलूप होतं. तू त्या कुलपाला हात लावून उभा राहिलास आणि परत फिरलास. आत काय आहे हे तुला कळलं असतं तर तू कुलूप फोडलं असतंस का?

कारण आत ती होती.

मद्रासहून आल्यावर अण्णांनी गणपतीचं काम बाजूला ठेवलं आणि ते माती घेऊन बसले. कुणाशी बोलेनात. त्यांनी गौरीचा मुखवटा केला. तोच चेहरा, तुझ्या देवीचा. गालाची हाडं, दमलेले ओठ, सगळं. डोळे स्वतः आखले. मग त्याचा साचा केला. तुझ्याशी न बोलणाऱ्या त्या माणसानं मरेपर्यंत तुझंच काम घडवलं, दादा. बघता बघता ती गौर लोकांना आवडायला लागली. पेणेहून ती नागोठण्याला गेली, कोलाडला गेली, खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरी गेली. बायका कारखान्यात येऊन सांगायच्या, ती जेवलीस का विचारणारी गौर द्या. माझ्या पहिल्या गौरीला अण्णांनी मला तिच्यातलीच एक दिली. म्हणाले, आयशीला सांभाळ.

मी सांभाळलं. लोकांच्या घरी गौर माहेरी येते. माझ्या घरी गौरीच्या रूपानं माझं माहेर यायचं. तीन दिवस मी तिच्याशी बोलायची. पोरगा पडला, नवऱ्याची नोकरी गेली, सासूनं मला काय काय ऐकवलं, सगळं तिला सांगायची. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा ती कपाटात होती म्हणून मी उभी राहिले.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण भाद्रपदात तू कधी आलाच नाहीस. आलास तो वहिनी गेल्यानंतर, दोन वर्षांमागे. तोवर तिकडे तुझं काम संपलं होतं. सेट कुणी बांधत नव्हतं, राजवाडे काँप्युटरवर होत होते. तुझा स्टुडिओ पाडून तिथे इमारती झाल्या होत्या. तुला एक शाल आणि एक पितळी मूर्ती दिली होती सत्कारात. तू म्हणालास, मूर्ती साच्यातली आहे, नाकाला सांध्याची कड घासायची राहिलीय.

रोह्याच्या स्टेशनवर तुला घ्यायला आले तेव्हा तू किती लहान झाला होतास! गाडी रोह्याच्या आधी निडीला क्रॉसिंगला थांबली तेव्हा तू उतरायलाच निघाला होतास म्हणे, शेजारच्या माणसानं धरून बसवलं. घरी येऊन तू दोन दिवस नुसता झोपलास. तिसऱ्या दिवशी गौर यायची होती.

दुपारी मी तिला साडी नेसवत होते. मनीषा दारात पावलं काढत होती. तू खुर्चीत पेंगत होतास. मी मुखवटा बसवला आणि गौर तुझ्याकडे वळवली. तू काठी न घेता उठलास. जवळ आलास. तिच्या हनुवटीला हात लावलास आणि काहीतरी तमिळमध्ये म्हणालास. मला वाटलं देवीचं नाव असेल.

"ही कोणी केली?"

मी सगळं सांगितलं. अण्णांचं, साच्याचं, गावागावांत गेलेल्या गौरींचं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मला वाटत होतं की आता तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. मी म्हटलं, बघ दादा, तू जाळलीस पण अण्णांनी जाऊ दिली नाय. आई आहे आपल्याकडे.

तू खाली बसलास.

"ही आय नाय, बाय."

मला कळलंच नाही. तू पुन्हा म्हणालास.

"आयचा चेहरा मला आठवत नाय. मी आठ वर्षांचा होतो. तिचे हात आठवतात, गोधडी टाकतानाचे. चेहरा नाय. ही मुनियम्मा."

मग तू सांगितलंस. मुनियम्मा स्टुडिओत डोक्यावर प्लास्टरच्या पाट्या वाहायची. तू नवा होतास, तापानं फणफणला होतास, कुणाला तुझी भाषा कळत नव्हती. ती पितळेच्या डब्यातून पेज घेऊन आली. ताप उतरेपर्यंत रोज आली. नंतरही दुपारी कामातून वर बघून खुणेनंच विचारायची, जेवलास का? तिला तुझी भाषा नाही, तुला तिची नाही, आणि मद्रासमध्ये तुझं म्हणून तेवढं एकच माणूस. प्लास्टरच्या धुळीनं तिची छाती गेली. ती वारली त्याच वर्षी तुला त्या देवीचं काम मिळालं. तू साचा न करता, हातानंच, जाळीवर तिचा चेहरा उभा केलास. आग लागणार हे तुला तेव्हाच माहीत होतं. म्हणालास, लाखो लोकांनी एकदा तरी तिला हात जोडावेत, मग जळू दे, असं वाटलं. तो सिनेमाही आता कुठे नाही. त्याची फीत गोदामात कुजून गेली.

मी विचारलं, आणि मला आठवतंय की माझा आवाज चढला होता, "मग अण्णांना तेव्हाच का नाय सांगितलंस? एका वाक्याचं काम होतं."

तू गौरीकडे बघत म्हणालास, "ते तिच्याशी बोलत होते, बाय. आय गेल्यापासून त्यांना कुणाशी तसं बोलताना मी बघितलं नव्हतं. मी जाऊन सांगू, ही तुमची बायको नाय म्हणून?"

दादा, किती वर्षं! आईला जाळणारा म्हणून तू बापाची पाठ बघत राहिलास आणि त्यांच्या हातातून एक चेहरा काढून घ्यायला नको म्हणून गप्प राहिलास. खांबाआड तू उभा होतास तो आईसाठी नव्हे. तुझी मुनियम्मा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिच्यासमोर बसून तुझा बाप दुसऱ्याच बाईला हाका मारत होता. आग लागली तेव्हा अण्णांना चौघांनी धरलं. तुला कुणी धरलं?

हे सगळं मला कळतं. पण माझीही एक तक्रार आहे, ती तुला ऐकावी लागेल. अण्णांना सांगितलं नाहीस, मग मला का सांगितलंस? त्यांच्याकडे राहू दिलंस ते माझ्याकडे का राहू दिलं नाहीस? मी सत्तरी ओलांडलेली बाई, माझी अशी किती वर्षं उरली होती? एवढ्या वर्षांची माझी आई तू एका दुपारी घेऊन गेलास.

हे मी तुला तेव्हाही विचारलं. तू गौरीचा पदर सारखा केलास. मग म्हणालास, "तू तिला आई म्हणून हाक मारलीस आणि मला ऐकवलं नाय. तिला स्वतःची पोरं होती, बाय. त्यांच्याकडं पण तिचा फोटो नाय." तू त्यांना शोधायला गेला होतास. स्टुडिओमागची ती झोपडपट्टी उठून गेली होती आणि कुणाला काही सांगता आलं नाही.

त्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य होता. तू मला म्हणालास, थोडी पेज करशील? मी उकड्या तांदळाची पेज केली. तू वाटी दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर ठेवलीस. मनीषानं माझ्याकडे बघितलं, मी तिला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. आरतीत मी निरांजनाकडेच बघत राहिले. तू मात्र टाळ्या वाजवत होतास, अगदी लहानपणी वाजवायचास तशा, उशिरा उशिरा.

निघताना तू म्हणालास, तुला वाटेल तसं कर. पोरांना सांग, नको सांगू. गेल्या वर्षी गौर आली तेव्हा मी तिच्याशी काही बोललेच नाही. परक्या बाईशी काय बोलणार? पण ती बघत होती, तशीच. तीन दिवस मी तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही आणि ती मात्र विचारतच राहिली.

शेखरला मी आज रात्री नाही, उद्या सकाळी फोन करीन. दोन ओळी देणार नाही. जे तू मला सांगितलंस ते सगळं सांगेन, अण्णांचं, आगीचं, तुझ्या गप्प राहण्याचं. त्याला कळू दे की त्याचा बाप कुणाला जाळणारा नव्हता. आणि म्हणेन की त्या स्मरणिकेत तुझ्या नावाच्या आधी मुनियम्माचं नाव छापा. तिची पोरं कुठे असतील, नसतील. पण कुणी वाचलं तर वाचलं.

आणि दादा, तुला एक वचन देते. येत्या भाद्रपदात गौर येईल तेव्हा मुखवटा तोच बसवीन. तिची ओटी भरीन, पेज ठेवीन आणि तिला तिच्या नावानं हाक मारीन. आपल्या आईला तिच्या चेहऱ्यात आता शोधणार नाही. आईसाठी मी कधी रडलेच नाही रे, ती आहे असं समजत राहिले. ते रडणं राहून गेलंय. ते आता मी वेगळं रडेन, चेहऱ्याशिवाय.

तुझीच,
बाय
(कुसुम, रोहा)